डॉक्टर, मोठ्या माणसांनाही विचारा

सर्व फॅमिली डॉक्टरांना,

सप्रेम नमस्कार.

मोठं माणूस तुमच्यासमोर येऊन बसलं की तुम्ही काय काय विचारता, ते आम्हाला आता पाठ झालं आहे. कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे का, बीपी-शुगर आहे का, घरात कुणाला हृदयविकार होता का, तंबाखू खाता का, आधी कसलं ऑपरेशन झालंय का. हे सगळं केसपेपरवर येतं. लहानपणीच्या लसी पूर्ण झाल्या होत्या का, एवढं मात्र येत नाही. आईच्या मांडीवर मूल असलं तर हाच प्रश्न तुम्ही सगळ्यात आधी विचारता. तेच मूल मोठं होऊन एकटं दवाखान्यात यायला लागलं की तो कायमचा बंद होतो. तो पुन्हा सुरू करावा, एवढ्याचसाठी हे पत्र.

तुम्ही म्हणाल, रुग्णाने आपणहून सांगावं. पण ज्याची लस राहिली आहे त्यालाच ते ठाऊक नसतं. हे सगळं घडलं तेव्हा आम्हाला बोलताही येत नव्हतं. कुठला डोस मिळाला, कुठला चुकला, का चुकला, यातलं काहीच आमच्या आठवणीत नाही. कार्ड घर बदलताना गेलं, नाहीतर कुठल्यातरी फायलीत शाई उडून कोरं झालं. दंडावरचा व्रण दाखवून ‘माझ्या सगळ्या झाल्यात’ म्हणणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. तो व्रण बहुधा बीसीजीचा, म्हणजे क्षयाच्या लसीचा असतो, फार वयस्कर माणूस असेल तर देवीच्या लसीचा. गोवर, घटसर्प, कावीळ ब यांच्याबद्दल तो काहीही सांगत नाही. आईवडिलांना विचारावं तर ‘तुझं सगळं केलं होतं’ हे उत्तर ठरलेलं, आणि त्यांच्या मते ते खरंही असतं.

राहून जाण्याच्या तऱ्हाही किती. मुलाला जरा सर्दी-ताप होता म्हणून परत पाठवलं, खरं तर किरकोळ आजारात लस देता येते. गोवराच्या लसीची दहा डोसांची कुपी एकदा पाणी मिसळून तयार केली की सहा तासांच्या आत वापरावी लागते, उरलेली टाकून द्यावी लागते. मग एकाच मुलासाठी कुपी कशाला फोडायची म्हणून ‘पुढच्या वेळी या’ सांगितलं गेलं. एका मुलासाठीसुद्धा फोडा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, पण टाकून दिलेल्या नऊ डोसांचा हिशेब द्यावा लागणाऱ्या माणसाचा हात आखडतोच. कुठे कुटुंब युद्धामुळे, पुरामुळे किंवा कामाच्या शोधात फिरत राहिलं. कुठे पहिल्या मुलाचे सगळे डोस वेळेवर झाले आणि तिसऱ्याच्या वेळी आईच आजारी पडली. आणि कितीतरी जणांच्या बाबतीत कुणाचंच काही चुकलं नव्हतं, लसच त्यांच्यानंतर आली. जनुकीय तंत्राने बनवलेली कावीळ ब ची लस १९८६ मध्ये आली. ती सगळ्या देशांनी बालकांच्या वेळापत्रकात घ्यावी ही शिफारस झाली १९९२ मध्ये. कांजिण्यांची लस अमेरिकेत १९९५ पासून आहे, गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून वाचवणारी एचपीव्हीची २००६ पासून. ज्यांचं बालपण त्याआधीच सरलं होतं, त्यांना ‘तुमची लस राहिली आहे’ असं कोण सांगणार?

मला हा प्रश्न पहिल्यांदा विचारला तो आमचे नेहमीचे डॉक्टर रजेवर असताना त्यांच्या जागी बसलेल्या एका तरुण डॉक्टरबाईंनी. मी घसा धरला म्हणून गेले होते. घसा बघून झाला, औषधं लिहून झाली आणि पेन खाली न ठेवताच त्या म्हणाल्या, ‘लहानपणीच्या लसी झाल्यात ना सगळ्या? गोवर, रुबेला?’ मी म्हटलं, झाल्या असतील. ‘असतील की आहेत?’ मी तिथूनच आईला फोन लावला. आई आधी म्हणाली, सगळं झालंय. मग जरा थांबून म्हणाली, ‘गोवराच्या वेळी तुला ताप होता बघ. पुढच्या महिन्यात आणा म्हणाले. त्यातच बाबांची बदली झाली...’ पुढे ती काही बोलेना. बाईंच्या कानावर ते गेलं असावं, कारण मी फोन ठेवायच्या आत त्या म्हणाल्या, ‘त्यांना सांगा, काही बिघडलेलं नाही. आजही देता येते.’

मग त्यांनी शेवटची पाळी कधी आली ते विचारलं, दिवस गेलेले नाहीत ना याची खात्री करून घेतली, पुढचा महिनाभर दिवस राहू देऊ नका म्हणाल्या. प्रतिकारशक्ती कमी करणारं कुठलं औषध चालू आहे का, कधी कुठल्या लसीची जोरात रिॲक्शन आली होती का, हेही विचारलं. सिस्टरने फ्रीजमधून कुपी काढली. तळाशी पांढऱ्या भुकटीची चकती होती. तिने त्यात पाणी सोडलं, भुकटी पूर्ण विरघळेपर्यंत कुपी बोटांत फिरवली आणि दंडाच्या मागच्या बाजूला, कातडीच्या खाली, इंजेक्शन दिलं. दुसरा डोस अठ्ठावीस दिवसांनंतर कधीही, असं एका कागदावर तारखेसह लिहून दिलं. त्याआधी कितीतरी चांगल्या डॉक्टरांनी माझे घसे, कान, पोट तपासलं होतं. त्यांच्यातल्या कुणाच्याही निष्काळजीपणामुळे हा प्रश्न राहिला असं मला वाटत नाही. तो केसपेपरवर छापलेला नव्हता, म्हणून राहिला.

हे आजार मुलांचे आहेत, मोठेपणी त्यांचं काय, ही समजूत तुमच्या खुर्चीत बसणाऱ्यांची नसेल, पण आमच्यात ती घट्ट आहे. म्हणून आम्हाला हे तुमच्या तोंडून ऐकू द्या: गोवरात न्यूमोनियासारखे त्रास पाच वर्षांखालच्या मुलांना आणि विशीच्या पुढच्या माणसांना जास्त होतात. कांजिण्या लहानपणी बहुतेकांच्या खाजून बऱ्या होतात, मोठेपणी त्या फुप्फुसात उतरण्याची भीती कितीतरी अधिक. लस न घेतलेल्या पुरुषाला वयात आल्यावर गालगुंड झालं तर शंभरातल्या तीसपर्यंत जणांच्या वृषणांना सूज येते. ब्रिटनमध्ये एमएमआर, म्हणजे गोवर-गालगुंड-रुबेलाची एकत्र लस, १९८८ मध्ये सुरू झाली. तेव्हा ज्यांचं वय थोडं पुढे गेलेलं होतं ती मुलं कॉलेजात पोचली, वसतिगृहांत एकत्र राहायला लागली, आणि २००५ या एका वर्षात इंग्लंड आणि वेल्समध्ये गालगुंडाचे ४० हजारांहून जास्त रुग्ण निघाले. त्यात बहुतांश तरुण होते. सोव्हिएत संघ फुटल्यावर १९९० च्या दशकात त्या सगळ्या भागात घटसर्प परत आला. दीड लाखाहून अधिक माणसं आजारी पडली, सुमारे पाच हजार गेली. त्यात मोठ्या माणसांचा भरणा होता. काहींचे लहानपणीचे डोस राहिलेले, काहींचे झालेले पण वयाबरोबर त्यांचा जोर ओसरलेला.

आणि पोलिओ. अमेरिकेत तिथल्याच मातीतला पोलिओ १९७९ मध्ये संपला होता. २०२२ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्क राज्यातल्या रॉकलंड काउंटीत एका तरुण व्यक्तीचे पाय लुळे पडले. तपासणीत पोलिओ निघाला. लस घेतलेली नव्हती. आसपासच्या सांडपाण्यातही विषाणू सापडला, म्हणजे तो गुपचूप फिरत होता आणि न लसवलेल्या माणसाच्या शोधात होता. हा रुग्ण बाळ नव्हता.

रुबेलाबद्दल मला जरा जास्त लिहायचं आहे, कारण मोठ्यांच्या राहिलेल्या लसीची किंमत तिसराच कुणीतरी कशी मोजतो ते त्यात स्वच्छ दिसतं. ज्याला रुबेला होतो त्याला फारसं काही होत नाही. थोडा ताप, अंगावर पुरळ, मानेत गाठी, आठवड्यात सगळं ओसरतं. पुष्कळांना तर झाला हेही कळत नाही. ऑस्ट्रेलियातले नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांच्याकडे १९४१ मध्ये जन्मतःच मोतीबिंदू असलेली बाळं एकामागोमाग यायला लागली. त्यांच्या आयांना गरोदरपणाच्या सुरुवातीला रुबेला होऊन गेला होता, हे त्यांनी हेरलं. आज आपल्याला माहीत आहे की पहिल्या बारा आठवड्यांत आईला संसर्ग झाला तर दहातल्या नऊपर्यंत गर्भांना इजा पोचू शकते: मोतीबिंदू, बहिरेपणा, हृदयाचे दोष. आणि गरोदर बाईला ही लस देता येत नाही. तिच्या रक्तात प्रतिकारशक्ती नाही हे अहवालात दिसत असतं, पण बाळंतपणापर्यंत थांबण्याशिवाय हातात काही उरत नाही. तोपर्यंत तिचं संरक्षण म्हणजे तिच्या आजूबाजूची माणसं. नवरा, दीर, ऑफिसात शेजारच्या टेबलावर बसणारा सहकारी.

जपानने हे अनुभवून घेतलं. तिथे १९७७ पासून रुबेलाची लस फक्त शाळकरी मुलींना दिली जायची. मुलींना वाचवलं म्हणजे पुढची बाळं वाचली, असा हिशेब होता. मुलगे तसेच मोठे झाले, नोकरीला लागले, रोज खच्चून भरलेल्या गाड्यांतून प्रवास करू लागले. २०१२-१३ मध्ये साथ आली. एकट्या २०१३ मध्ये १४ हजारांहून अधिक रुग्ण, त्यात बहुतेक मोठे पुरुष. त्या साथीत ४५ बाळं जन्मजात रुबेला घेऊन आली. मग २०१९ पासून सरकारने एप्रिल १९६२ ते एप्रिल १९७९ या काळात जन्मलेल्या पुरुषांना कूपनं पाठवली. रक्त तपासा, प्रतिकारशक्ती कमी असेल तर लस घ्या, दोन्ही फुकट. ही तपासणी कंपन्यांच्या वार्षिक आरोग्य तपासणीलाही जोडून दिली. चाळिशी-पन्नाशीच्या पुरुषांना लसीसाठी मुद्दाम बोलवून ते येतील अशी आशा कुणी करू नये, ते जिथे आधीच रक्त द्यायला बाही वर करून बसलेले आहेत तिथेच त्यांना गाठावं. एवढं करूनही काम पुरं व्हायला वेळ लागला आणि मुदत २०२५ च्या मार्चपर्यंत वाढवावी लागली.

लॅटिन अमेरिकेने याहून मोठी झेप घेतली. कोस्टारिकाने २००१ मध्ये १५ ते ३९ वयाच्या बायका आणि पुरुष, सगळ्यांना गोवर-रुबेलाची लस दिली. ब्राझीलने २००८ मध्ये काही महिन्यांत साडेसहा कोटींहून जास्त तरुण आणि मोठ्या माणसांना टोचली. २०१५ मध्ये संपूर्ण अमेरिका खंड स्थानिक रुबेलापासून मुक्त जाहीर झाला. नुसत्या बाळांना लस देत राहिले असते तर आधीच्या पिढ्या म्हाताऱ्या होईपर्यंत वाट बघावी लागली असती.

अशा मोहिमा तुमच्या हातात नाहीत, हे मान्य. पण तुमच्या टेबलासमोर रोज जे बसतात त्यांच्यात एक गोष्ट बघा. बाईला निदान गरोदरपणात कुणीतरी हा प्रश्न विचारतं, तोही उशिराच. तरुण पुरुषाला कुणीच, कधीच विचारत नाही. तो पाठ दुखते म्हणून येतो, ऑफिससाठी फिटनेस सर्टिफिकेट मागायला येतो आणि जातो.

धनुर्वाताचं इंजेक्शन ही तर आयती संधी असते, आणि तिचं काय होतं ते आपण सगळेच बघतो. खिळा लागला, पत्रा लागला, माणूस पायाला फडकं गुंडाळून आला. ‘याआधी टीटी कधी घेतलं होतं?’ ‘आठवत नाही.’ इंजेक्शन दिलं, जखम धुतली, पट्टी बांधली, माणूस घरी. त्याच्या डोक्यात आता धनुर्वाताचा विषय संपलेला आहे. पण लहानपणीचे मूळ डोस झालेच नसतील तर या एका इंजेक्शनाने टिकाऊ संरक्षण येत नाही. त्याला दुसरा डोस चार आठवड्यांनी हवा, तिसरा त्यानंतर सहा ते बारा महिन्यांनी, आणि पुढे दर दहा वर्षांनी एक. जखम मातीने-शेणाने माखलेली असेल तर लसीबरोबर तयार प्रतिद्रव्यंही लागतात. या आजाराला तर दुसऱ्यांच्या लसीचा काडीचाही आधार नाही. जंतू मातीत कायमचे आहेत, शेजाऱ्याने लस घेतली म्हणून मी वाचत नाही, आणि धनुर्वातातून वाचलेल्या माणसालाही पुढच्या वेळी त्याची प्रतिकारशक्ती नसते. म्हणून त्या दिवशी ‘आठवत नाही’ ऐकलंत की पट्टी बांधता बांधता दुसऱ्या डोसाची तारीख लिहून द्या. आणि नुसत्या टीटीऐवजी घटसर्पाचा अंश असलेली टीडी वापरा, असं जागतिक आरोग्य संघटना कितीतरी वर्षं सांगते आहे. त्याच एका सुईत घटसर्पाचंही काम होतं. तीनपैकी एक डोस डांग्या खोकल्याचा घटक असलेला मिळाला तर आणखी चांगलं, कारण मोठ्यांचा आठवडेच्या आठवडे न जाणारा खोकला घरातल्या तान्ह्या बाळाच्या जिवावर बेततो.

आता आमच्या मनातल्या शंका. आम्ही त्या बोलून दाखवत नाही, पण त्यांच्यामुळेच उठून जातो. पहिली शंका अशी की एखादा डोस झाला आणि पुढचे राहिले, वीस वर्षं गेली, म्हणजे आता सगळं पहिल्यापासून घ्यावं लागणार. नाही लागत. नेहमीच्या लसींचा जिथे खंड पडला तिथूनच पुढे चालू करायचं, आधीचा डोस फुकट जात नाही. दुसरी शंका, लहानपणी घेतली असेल आणि आता परत घेतली तर? जास्तीच्या एका डोसाने बहुतेक लसींच्या बाबतीत काही अपाय होत नाही. धनुर्वाताची फार लवकर लवकर घेतली तर हात चांगलाच सुजतो, तेवढी एक काळजी घ्यावी. तिसरी, आधी सगळ्या रक्ततपासण्या कराव्या लागतील का? गोवर, रुबेला, कांजिण्या, कावीळ ब यांची प्रतिकारशक्ती रक्तात बघता येते, आणि कधीकधी ते सोयीचंही असतं. पण तपासणी ही लसीच्या वाटेतली अट होता कामा नये. अहवाल आणायला गेलेला माणूस परत येतोच असं नाही, हे तुमच्याइतकं कुणाला माहीत आहे?

आणि सगळ्यात मोठी शंका, की हे प्रकरण फार लांबलचक असणार. माझीही हीच समजूत होती. प्रत्यक्षात बहुतेक सगळं तीन भेटींत बसतं. आज पहिले डोस. महिन्याभराने दुसरे. पहिल्या भेटीपासून साधारण सहा-सात महिन्यांनी तिसरे. गोवर-गालगुंड-रुबेला आणि कांजिण्या पहिल्या दोन भेटींतच संपतात. धनुर्वात-घटसर्प, कावीळ ब आणि गरज असेल तर इंजेक्शनाचा पोलिओ तिसऱ्या भेटीत पुरे होतात. यातल्या बऱ्याच लसी एकाच दिवशी, वेगवेगळ्या जागी देता येतात. एवढंच लक्षात ठेवायचं की दोन जिवंत विषाणूंच्या लसी एकतर एकाच दिवशी द्यायच्या, नाहीतर मध्ये चार आठवडे जाऊ द्यायचे. तुमच्या देशाच्या वेळापत्रकात थोडाफार फरक असेल, तो तुम्हाला माहीत आहेच. सव्वीस वर्षांपर्यंतच्या मुलामुलींना एचपीव्हीबद्दलही त्याच बैठकीत विचारा.

काय लागत नाही हेही सांगा, आम्हाला हायसं वाटेल. जुलाबाच्या रोटाव्हायरस लसीचं वय बाळपणीच संपतं. बाळांना मेंदूज्वर-न्यूमोनियापासून वाचवणारी हिबची लस निरोगी मोठ्या माणसाला लागत नाही. बीसीजी मोठेपणी सहसा देत नाहीत. जुन्या पिढीतल्या पुष्कळांना गोवर प्रत्यक्ष होऊन गेलेला आहे, त्यांना त्याची लस नको. राहिलेल्या लसींची यादी ऐकायला वाटते त्याहून बरीच छोटी निघते.

एका गटाबद्दल मात्र घाई करा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. संधिवातावर, आतड्याच्या सुजेवर किंवा सोरायसिसवर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं सुरू होणार आहेत, केमोथेरपी ठरली आहे, अवयवरोपणाच्या यादीत नाव लागलं आहे, अशा माणसांना जिवंत विषाणूच्या लसी नंतर देता येत नाहीत. त्या शक्य असेल तिथे उपचार सुरू होण्याच्या निदान चार आठवडे आधी द्याव्या लागतात. मूत्रपिंडं निकामी होत चाललेल्या माणसाला कावीळ ब ची लस जितकी लवकर द्याल तितकी ती चांगली लागू पडते. डायलिसिसवर गेल्यानंतर शरीर तिला नीट साथ देत नाही. मोठ्या तज्ज्ञाकडे चिठ्ठी लिहून पाठवता तेव्हा तो तज्ज्ञ लसींचं बघेल असं तुम्हाला वाटतं, आणि तज्ज्ञाला वाटतं फॅमिली डॉक्टरांनी बघितलं असेल. चिठ्ठी लिहितानाच विचारलंत तर हा घोळ होत नाही.

विचारायची रीत कशी असावी, याबद्दलही लिहू द्या. काही जणांच्या लसी आईवडिलांनी ठरवून दिलेल्या नाहीत. एमएमआरचा आणि ऑटिझमचा संबंध जोडणारा, पुढे खोटा ठरलेला लेख १९९८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला, २०१० मध्ये त्यांनी तो मागे घेतला. मधल्या बारा वर्षांत घाबरलेल्या आईबापांची मुलं आता कमावती झाली आहेत. त्यांच्यातली कित्येक आज स्वतःहून लस घ्यायला तयार आहेत, पण दवाखान्यात आल्यावर ‘इतकी वर्षं का नाही घेतली?’ हे ऐकायला लागेल म्हणून येत नाहीत. घरात हा विषय काढला तर आईवडिलांचा अपमान होईल अशीही भीती असते. ज्यांना आईबापच नव्हते, जी संस्थेत किंवा दूरच्या नातेवाइकांकडे वाढली, ती तर या प्रश्नाने आणखीच आत ओढली जातात. त्यांना कारण विचारू नका. त्याने उपचारात फरक पडत नाही. ‘रेकॉर्ड नाही ना, हरकत नाही, आपण नव्याने करून घेऊ’ एवढं म्हणा. सुईची भीती मोठ्यांनाही असते, आणि ती सांगायची लाज लहान मुलांपेक्षा जास्त असते. झोपवून इंजेक्शन दिलं, नंतर पंधरा मिनिटं तिथेच बसवलं, तर चक्कर येऊन पडायची वेळ येत नाही.

लस तुमच्याकडे फ्रीजमध्ये नसेल, तर कुठे मिळेल ते लिहून द्या आणि पुढच्या भेटीत ‘घेतलीत का?’ विचारा. दिलेल्या डोसाचं नाव, तारीख आणि बॅच नंबर कागदावर द्या, आणि रुग्णाला त्याचा फोनमध्ये फोटो काढायला सांगा. आमचं पहिलं कार्ड हरवलं, दुसरं हरवू नये.

हे सगळं आताच का लिहिते आहे, तर रांग वाढत चालली आहे म्हणून. कोविडच्या काळात लसीकरणाचे दिवस बुडाले, माणसं घराबाहेर पडेनात. एकट्या २०२१ मध्ये जगभरात अडीच कोटी मुलांचे त्रिगुणीचे, म्हणजे घटसर्प-डांग्या खोकला-धनुर्वाताच्या एकत्र लसीचे, एक किंवा अधिक डोस राहिले. त्यातल्या सुमारे एक कोटी ऐंशी लाख मुलांना एकही डोस मिळाला नाही. त्यांना गाठायला २०२३ मध्ये जागतिक मोहीम सुरू झाली. काही मुलं सापडली, काही सापडली नाहीत. जी सापडली नाहीत ती शाळा संपवतील, नोकरीला लागतील, आणि एक दिवस घसा दुखतो म्हणून तुमच्यासमोर किंवा तुमच्या जागी बसणाऱ्या कुणा तरुण डॉक्टरसमोर येऊन बसतील. तेव्हा त्यांच्याबरोबर आई नसेल, कार्ड नसेल, आणि आपलं काही राहिलं आहे याची त्यांना कल्पनाही नसेल.

म्हणून नवे केसपेपर छापायला टाकाल तेव्हा ॲलर्जीच्या रकान्याखाली एक ओळ वाढवा: लहानपणीच्या लसी, हो, नाही, माहीत नाही. ती ओळ सिस्टरने किंवा कंपाउंडरने आधीच भरून ठेवली तरी चालेल. बहुतेक जण ‘माहीत नाही’ म्हणतील. ते ‘नाही’ धरा, आणि काही अडचण नसेल तर पहिला डोस त्याच दिवशी द्या.

आपली,
राहिलेली लस मोठेपणी घेतलेली एक रुग्ण